मनकर्णाबाईंच्या डब्याबाबत

कडीचा डबा शेवटी शंतनूकडेच राहिला. हे असं पहिल्याच वाक्यात सांगून टाकायला नको होतं; पण आता सांगून झालंय, तेव्हा ज्यांनी वाचलं त्यांनी ते वाचलंच नाही असं धरावं. म्हणजे असं, की शंतनू सेलूकर, वय एकतीस, मुक्काम सिडको एन-नऊ, दुसरा मजला, यांच्या घरात कुठलाही डबा नाही, कधी नव्हता, आणि ओट्याखालच्या कपाटात कुकरच्या मागे तर नाहीच नाही. तिथं कुणी बघायला जाऊ नये.

सुरुवात आवाजापासून झाली. मंगळवारी सकाळी पावणेसहाला शंतनूच्या उशाकडची भिंत घुर्र करायला लागली. घुर्र, मग थोडी उसंत, मग पुन्हा घुर्र, जणू पलीकडे एखादं अवाढव्य जनावर वेळापत्रक बघून घोरतंय. शंतनू डोळे मिटून पडल्या पडल्या अंदाज बांधू लागला. पाण्याची मोटर? पण पाणी कालच येऊन गेलं होतं. पुढचे सहा दिवस कुणाच्या मोटरीला आवाज करायचं कारण नव्हतं. ड्रिल? ड्रिलला इतका धीर नसतो. शेजारच्या शिवराजने, जो बियाण्यांच्या कंपनीत होता, घरी शिलाई मशीन आणलं असेल, तर पहाटे उठून ते शिवतंय काय, तंबू? झोपमोड झाली म्हणून राग यायला हवा होता, पण आधी आलं कुतूहल, आणि राग मागाहून आला, उशिरा पोचलेल्या पाहुण्यासारखा, आलोच आहे तर बसतो म्हणत. त्या लयीत काहीतरी असं होतं जे कानांना नाही तर पोटाला ओळखीचं वाटत होतं. आणि ओळखीचं वाटावं असं शंतनूच्या पोटात गेल्या दोन वर्षांत काही गेलेलं नव्हतं. आई-वडील, म्हणजे कालिंदी आणि श्रीनिवास सेलूकर, दोन वर्षांपूर्वी पुण्याला मुलीकडे, चारुताकडे, तिचं बाळ सांभाळायला गेले होते. शंतनूला मागे ठेवलं होतं घर सांभाळायला. घर सांभाळायला अवघड नव्हतं, ते जागचं हलत नव्हतं. जेवण दारात यायचं, फोन एकदा टुणकन वाजायचा, डब्याचं झाकण निघायचं, आणि तासाभराने आपण नेमकं काय खाल्लं हे शंतनूला बिल बघून कळायचं.

कामही तसंच. एका कंपनीच्या वेबसाइटवरच्या तक्रार-खिडकीत मशीन मराठीत उत्तरं द्यायचं आणि ती उत्तरं शंतनू लिहायचा. 'आपली गैरसोय झाली याबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' 'आपल्या भावना आमच्यापर्यंत पोचल्या आहेत.' अशी दोनशे बारा वाक्यं त्याने लिहिली होती आणि त्यातल्या एकाही वाक्याने आजवर कुणाची गैरसोय कमी झालेली नव्हती. त्यामुळे त्या मंगळवारी त्याने अंथरुणातच फोन उचलून सोसायटीच्या ग्रुपवर जे लिहिलं ते सरावाने लिहिलं: 'महोदय, पहाटे सहाच्या सुमारास यांत्रिक स्वरूपाचा, सातत्यपूर्ण व घुमणारा आवाज येत असून रहिवाशांच्या विश्रांतीत बाधा येत आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.' तळमजल्यावरचे कारभारी काका सोसायटीचे सचिव होते. निवृत्तीनंतर त्यांना कामाची इतकी भूक लागली होती, की दीड मिनिटात त्यांचं उत्तर आलं. 'योग्य मुद्दा. समिती दखल घेईल.' समितीत ते एकटेच होते. चार अंगठे उमटले. शंतनू समाधानाने उठला, दात घासले, आणि साडेसातला दाराची बेल वाजली.

दारात एक बाई उभी होती. लहानखुरी, जांभळं लुगडं, डोक्यावर पदर, एका हातात कडीचा स्टीलचा डबा आणि दुसऱ्या हातात ताटलीवर पालथी घातलेली ताटली. "घ्या," ती म्हणाली. शंतनूच्या तोंडून सवयीने निघालं, "कोणी मागवलंय?" कारण त्याच्या आयुष्यात न मागवलेलं अन्न अजून दारात आलेलं नव्हतं. बाईने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू एखादं लेकरू अजून बोबडं बोलतंय. "मागवायचं काय त्यात? लोणी काढलं, ताक निघालं. ताक काय कोंडून ठेवायची चीज हाय व्हय? मी शिवराजची माय. सारजाबाई. काल आले. सुनंला आता सातवा लागला ना." मग जरा ओशाळून म्हणाली, "आवाजानं झोप मोडली असंल तुमची. म्हशीचं हाय, घुसळाया लई लागतंय. दोरी खिडकीच्या गजाला बांधली, तर गजच बोलतोय." शंतनूने ताटली घेतली, डबा घेतला, आणि दार लावून आधी ग्रुपवरची तक्रार पुसली. पण कारभारी काकांच्या उत्तरात ती आख्खी जशीच्या तशी चिकटलेली होती. काही वाक्यं पुसली तरी दुसऱ्याच्या घरात शिल्लक राहतात.

ताटलीखाली पिवळी भाकर होती. ज्वारीची नव्हे, बाजरीची नव्हे. हळदीच्या दिवशीच्या नवऱ्या मुलासारखी पिवळी, जाड, कडेला थोडी तडकलेली, मध्यावर करपल्याचे दोन डाग. बाजूला हिरव्या मिरचीचा ठेचा. शंतनूने वास घेतला आणि वासाने त्याला अचानक रस्त्यावर नेऊन उभं केलं. चौथीतली सहल, अजिंठ्याला. सिल्लोडच्या पुढे रस्त्याच्या एका अंगाला मैलभर पिवळं काहीतरी वाळत घातलेलं, बस अर्ध्या चाकाने त्यावरून गेली, कर्र. बाई म्हणाल्या, मुलांनो, हा मका, हा कोंबड्यांना घालतात. फर्दापूरला सगळे झाडाखाली डबे उघडून बसले, तेव्हा शेजारच्या सोमनाथच्या डब्यात असलीच पिवळी भाकर निघाली. सोमनाथने निम्मी तोडून पुढे केली होती. आणि शंतनू म्हणाला होता, "अरे, ह्याने कोंबडीचा डबा आणलाय! पक् पक् पक्!" सगळी झाडाखालची पंगत हसली. बाईसुद्धा, तोंडावर पदर धरून. शंतनूच्या आयुष्यातला तो पहिला विनोद, जो लागू पडला. त्या आधी तो एक साधा मुलगा होता. त्या दुपारनंतर तो गमत्या झाला, आणि गमत्या म्हणून त्याला शाळेत, कॉलेजात, ऑफिसात जागा मिळत गेली. सोमनाथने डबा मिटला. पटकन नाही, नीट, कडी बसेपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून तो बिस्किटाचा पुडा आणू लागला. शंतनूला सोमनाथचा चेहरा आठवेना, आडनाव आठवेना, फक्त डब्याची कडी बसल्याचा टक् असा आवाज आठवला, आणि एकतीस वर्षांचा माणूस स्वैपाकघरात उभा राहून हातातल्या भाकरीकडे अशा नजरेने पाहू लागला, जणू आता हीच काहीतरी बोलेल.

ती बोलली नाही. तो जेवला. आधी तुकडा नुसता: खरखरीत, किंचित गोड, आणि दातांना जरा वेळ थांबायला लावणारा. मग ठेच्याबरोबर, तेव्हा डोळ्यांत पाणी. मग ताक. ताकात लोण्याचे बारीक कण तरंगत होते, ते ओठांना लागून राहत. थंड नव्हतं, पाकिटातल्यासारखं मसाल्याने नटलेलं नव्हतं; आंबट आणि गोड यांच्या मधल्या कुठल्याशा जागेवर ते उभं होतं, आणि घशातून उतरताना आतल्या सगळ्या खोल्यांत दिवे लावत गेल्यासारखं उतरलं. शंतनूने भाकर संपवली, ताटलीवरचा चुरा बोटाने टिपला, आणि तासाभराने त्याच्या ध्यानात आलं की आपण काय खाल्लं ते आपल्याला अजून आठवतंय.

आता डबा. धुताना त्याच्या बुडावर ठिपक्याठिपक्यांनी घातलेलं नाव दिसलं: 'मनकर्णाबाई' आणि पुढे झिजलेलं काहीतरी. बाई तर सारजाबाई. मग ही मनकर्णाबाई कोण? सासू? जाऊ? जुनं नाव, जे लग्नात बदललं? की सारजाबाईच मनकर्णाबाई असून काही कारणाने शहरात वेगळ्या नावाने राहत होती? शंतनूने दिवसभर दिलगिऱ्या लिहिता लिहिता यावर विचार केला आणि संध्याकाळी आईला फोन लावला. कालिंदीला नावात रस नव्हता. "डबा तसाच रिकामा परत देऊ नकोस हं. काहीतरी घाल आत." "काय घालू?" "घरात काय आहे?" "दोन बल्ब आणि केचपच्या पुड्या." "अरे देवा. साखर तरी असेल! पावशेर घाल आणि दे." शंतनूने साखर घालून डबा शेजारी दिला, तनुजा वहिनींनी, म्हणजे शिवराजच्या बायकोने, तो घेतला, आत पाहिलं आणि का कोण जाणे तोंड भरून हसल्या.

गुरुवारी डबा परत आला, या खेपेला दोन भाकरी आणि वर लोण्याचा गोळा. "लई ग्वाड बातमी दिली बाबा," सारजाबाई म्हणाली; साखरेपायी 'तुम्ही'चं 'तू' झालं होतं. "कंच्या गावची?" "काय कंच्या गावची?" "पोरगी! साखर धाडली ना तू." सारजाबाईच्या गावात घरोघरी साखर एकाच कारणासाठी जाते, हे कालिंदीला पुण्यात बसून कसं कळावं? शंतनू नाही म्हणणार होता. जीभ टाळ्याला लागलीही होती. पण समोर लोण्याचा गोळा होता, आणि गमत्या माणसाला खरं बोलायला नेहमी एक क्षण उशीर होतो. "परभणीची," तो म्हणाला. सोमवारी, पाण्याच्या दिवशी, सगळी इमारत टाक्या, बादल्या आणि पाइप घेऊन जिन्यात होती तेव्हा सहा जणांनी त्याचं अभिनंदन केलं. कारभारी काकांनी हस्तांदोलन करून विचारलं, "विवाहोत्तर रहिवासी संख्येत वाढ होणार असेल तर पूर्वसूचना द्या. पाण्याचं नियोजन आहे." आणि मग आवाज खाली आणून, "त्या पहाटेच्या आवाजाचा तपास चालू आहे. तुमचा जबाब घ्यावा म्हणतो." दुसऱ्या दिवशी ते खरोखर वही घेऊन आले. शंतनूने दार उघडलं तेव्हा तो ताक पीत होता. "आवाज कोणत्या बाजूने येतो?" "वरून." "वर गच्ची आहे." "त्याच्याही वरून. आभाळातून आल्यासारखा." कारभारी काकांनी 'आभाळ' असं लिहिलं, त्याच्या ओठांवरची पांढरी रेघ न्याहाळली, आणि म्हणाले, "तुमच्या मिशीला काय लागलंय?" "शेव्हिंग क्रीम," शंतनू म्हणाला. जिन्यावरून उतरणारी पावलं ऐकत त्याने उरलेलं ताक एका घोटात संपवलं. आपल्याच तक्रारीपासून आपलंच ताक वाचवायची वेळ कुणावर येऊ नये. त्याच्या दोनशे बारा वाक्यांत या प्रसंगासाठी एकही वाक्य नव्हतं.

असा महिना गेला. डबा भरून यायचा, साखर सोडून काहीही घालून परत जायचा: शेंगदाणे, लिंबं, एकदा नाइलाजाने बल्ब, जो सारजाबाईने "बरं झालं, मोरीतला गेला व्हता" म्हणून बिनतक्रार ठेवून घेतला. कधी भाकर, कधी मक्याच्या कण्या ताकातच शिजवलेल्या, वर लसणाची फोडणी. त्या खाल्ल्या की शंतनूला पावसाळी दुपारी गोधडीत शिरल्यासारखं व्हायचं. पहाटे भिंत घुरघुरायच्या आधीच त्याला जाग यायला लागली. तो भिंतीला कान लावून बसायचा आणि लोणी केव्हा सुटलं ते आवाजावरून ओळखायचा: आधी पातळ घुर्र, मग जड, मग एकाएकी गुब् गुब्, आणि शांतता. त्या शांततेत त्याला टक् असा आवाज ऐकू यायचा, डब्याची कडी बसल्याचा. तो शेजारच्या घरातला की फर्दापूरच्या झाडाखालचा, हे त्याला सांगता आलं नसतं. शेवटी एका रविवारी तो भाकर बघायला म्हणून शेजारी गेला. शिवराज गावाकडून एसटीच्या कंडक्टरबरोबर आलेला दुधाचा कॅन उतरवून घ्यायला हर्सूलच्या नाक्यावर गेला होता. सारजाबाई ओट्यापाशी उभी राहायला तयार नव्हती; तिने शेगडी खाली मांडून घेतली होती. उकळतं पाणी पिठात ओतलं, वाफेत हात घातला, आणि असं मळू लागली, जणू हात तिचे नाहीतच. "चटका नाही बसत?" "बसतोय की. त्यो कुठं जातोय?" मक्याचं पीठ धरून राहत नाही, गरम असतानाच त्याला समजवावं लागतं, निवलं की ते कुणाचं ऐकत नाही, असं ती म्हणाली. परातीत थापताना तिची बोटं कडेने फिरत होती, तडा दिसला की ओल्या बोटाने त्याला मिटवत होती, आणि शंतनू इतका वाकून पाहत होता की तनुजा वहिनी म्हणाल्या, "भावजी, परातीत पडाल."

तव्यावरच्या भाकरीवर तिने पाण्याचा हात फिरवला, तेव्हा शंतनूने एकदम सोमनाथचं सांगून टाकलं. सहल, झाड, पक् पक् पक्. सांगताना तो नेहमीप्रमाणे नक्कल करू लागला आणि मधेच थांबला. सारजाबाईने भाकर उलटली. "बरुबर बोललास की तू. कोंबड्याच खात्यात मका. कोंबड्या काय येड्या हायेत व्हय?" मग तिने भाकर विस्तवावर धरली, ती टम्म फुगली नाही, पण पोटात जरा श्वास भरून घेतला. "खाऊन बघितली असती तर हसला नसतास. तेवढंच चुकलं," ती म्हणाली, आणि पहिली भाकर त्याच्या ताटात टाकली. तेव्हा त्याने विचारलं, "मावशी, मनकर्णाबाई कोण?"

"मही शेजारीण. मी नवी नवरी व्हते. घरात दुभतं नाय, कोरडी भाकर पाण्यात बुडवून खायचो. मनकर्णीकडं दोन म्हशी. ती पहाटं यायची, डबा उंबऱ्यावर ठिवायची, अन निघून जायची. हाक बी मारायची नाय. हाक मारली का दिल्यासारखं व्हतं ना. मी डबा धुऊन आत काय असंल ते घालून तिच्या उंबऱ्यावर ठिवायची. दोन वरसं चाललं. एक दिवस तिनं डबा ठिवला, अन दुपारी कपाशीत गेली. पान लागलं. साप." तिने तव्याकडे पाहिलं. "डबा मह्याकडं. धुतल्याला. आत गुळाचा खडा घातल्याला. दिवस झाल्यावर तिच्या सुनंकडं घेऊन गेले, तर ती म्हणती कशी, आत्याबाईचा डबा हाय, आत्याबाईलाच द्या." शंतनू हसला नाही. त्याला हे उत्तर ओळखीचं वाटलं. त्याच्या तक्रार-खिडकीत एकशे चाळिसावं वाक्य साधारण असंच होतं. "मग?" "मंग काय? चार सालानं आमची म्हैस झाली. तवापासून भरून देती, जो शेजारी असंल त्याला. रिकामा ठिवला का लई जड लागतोय त्यो. भरला का हलका."

आणि मग म्हशीनेच घात केला. कडूबा, सारजाबाईचा नवरा, गावी म्हशीपाशी राहिला होता. त्याचा फोन आला तेव्हा स्पीकरमुळे तो शंतनूच्या भिंतीलाही आला. महिनाभर कशीबशी दिली, पण आता म्हैस धार देईना. सारजाबाईची सवय होती तिला. "तुव्हं लुगडं नेसून बसलो," कडूबा सांगत होता, "पदर घेतला, बांगड्या वाजवल्या. लाथ हाणली तिनं." "वळखलं व्हय?" "लुगडं वळखलं. मला नाय." ठरलं. तनुजा वहिनींची आई येणार, सारजाबाई शनिवारी सकाळच्या सिल्लोड गाडीने जाणार. शुक्रवारचा डबा शंतनूकडे होता. तो त्याने घासला, पुसला, त्यात डाळवं भरलं, काढलं, गूळ भरला, काढला. डबा परत गेला की संपलं. ताक संपलं, पहाटेची भिंत संपली, आणि टक् असा आवाज येऊन सगळं नीट मिटलं जाईल. ताकाला जाऊन भांडं लपवू नये, असं शहाण्यांनी सांगून ठेवलंय. ताक पिऊन झाल्यावर भांडं लपवण्याबद्दल मात्र कुणी काही बोललेलं नाही. शंतनूने डबा ओट्याखाली कुकरच्या मागे सारला. डबा मागायला तरी ती येईल, आणि डबा सापडत नाही तोवर तिला जाता येणार नाही, असा त्याचा हिशेब होता. तो हिशेब चौथीतल्या मुलाचा होता, हे त्यालाही कळत होतं.

ती आली. हातात पिशवी, खाली शिवराज गाडी सुरू करून उभा. "जाती बाबा." "मावशी, तो डबा..." "कंचा डबा?" तिने आत, ओट्याच्या दिशेने, पाहिलं, मग त्याच्याकडे. "मह्याकडं कुठला डबा? मनकर्णीचा हाय त्यो. तिलाच दे." शंतनूने तोंडाला आलं ते बोलून टाकलं. "मावशी, ती परभणीची मुलगी नाही. कुठलीच नाही." "ठाव हाय की," ती म्हणाली. "लगीन ठरल्यालं माणूस पहाटं भिंतीला कान लावून बसत नाय." मग पिठाची एक पिशवी त्याच्या हातात ठेवली, उंबऱ्याला हात लावला आणि गेली. हाक न मारणाऱ्या शेजारणीकडून शिकलेली बाई निरोपही मोठ्याने घेत नाही.

पंधरा दिवस डबा कुकरच्या मागे रिकामा होता. जड होता. शंतनू चहाला पाणी ठेवायला वाकला की तो दिसायचा, दिलगिऱ्या लिहिताना दिसत नसतानाही दिसायचा. सोमनाथला नेऊन द्यावा असं वाटलं. पण आडनावाशिवाय, चेहऱ्याशिवाय, नुसत्या कडीच्या आवाजावरून माणूस शोधायची सोय अजून झालेली नव्हती. सोळाव्या दिवशी त्याने रवी आणली, टीव्ही सेंटरच्या डेअरीतून दही आणलं, पहाटे पाणी उकळलं, पिठात ओतलं, हात घातला आणि ओरडला. पहिली भाकर परातीतच फुटली. दुसरी तव्यावर जाताना वाटेत फुटली. तिसरी दौलताबादच्या किल्ल्यासारखी झाली, बाहेरून अभेद्य आणि आत अंधार. चौथ्या दिवशी एक भाकर तडे मिटवत मिटवत गोल झाली. तिला गोल म्हणायला मन जरा मोठं करावं लागत होतं. त्याच वेळी फोन टुणकन वाजला. ग्रुपवर कारभारी काका: 'महोदय, पहाटे सहाच्या सुमारास थापटल्यासारखा, सातत्यपूर्ण व घुमणारा आवाज येत असून रहिवाशांच्या विश्रांतीत बाधा येत आहे.' वाक्य शंतनूचंच होतं. ते परत आलं होतं, आणि रिकामं आलेलं नव्हतं. आत 'थापटल्यासारखा' घातलेलं होतं.

शंतनूने डबा काढला, ताकाने भरला, भाकरीवर ताटली पालथी घातली आणि पिठाच्या हातांनी तळमजल्याची बेल वाजवली. कारभारी काकांनी दार उघडलं. "काय आहे?" "ताक आणि भाकर. मक्याची." "कोणी मागवलंय?" "कुणी नाही." कारभारी काकांनी ताटली उचलली. वास घेतला. त्यांचे डोळे क्षणभर सोसायटीच्या हद्दीबाहेर कुठेतरी जाऊन आले. कुठे, ते शंतनूला कधीच कळलं नाही. मग ते गंभीरपणे म्हणाले, "ठेचा नाही?" दुसऱ्या दिवशी डबा परत आला. आत गुळाचा खडा, सोबत एक चिठ्ठी: 'एक डबा, कडीसह, सुस्थितीत परत. पोच द्यावी.' शंतनूने पोच लिहायला घेतली आणि थांबला. डबा त्याचा नव्हता. सारजाबाईचाही नव्हता. पोच द्यायचा अधिकार एकाच व्यक्तीला होता. त्याने आपली तक्रार-खिडकी उघडली; चार सेकंदांत तिथून 'आपली विनंती नोंदवली आहे' असं उत्तर येणार हे त्याला माहीत होतं, ते वाक्य त्याचंच होतं. तरी त्याने बोटांचं पीठ पुसलं आणि लिहिलं.

प्रति, श्रीमती मनकर्णाबाई (पुढील नाव डब्यावर पुसट), मुक्काम सिल्लोडच्या अलीकडे, नंतरचा पत्ता उपलब्ध नाही.

विषय: आपला कडीचा डबा समक्ष घेऊन जाण्याबाबत.

महोदया, उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपला डबा सध्या अर्जदाराच्या ताब्यात असून सुस्थितीत आहे. तो दीर्घकाळ रिकामा ठेवण्यास अर्जदार असमर्थ आहे. अर्जदाराने इयत्ता चौथीत एक भाकर नाकारली होती, ही बाब या प्रकरणी विचारात घ्यावी अथवा न घ्यावी, याबाबत आपला निर्णय अंतिम राहील. तरी आपण कोणत्याही दिवशी सकाळी सात ते नऊ या वेळेत, पाण्याचा दिवस असल्यास दिवसभरात केव्हाही, समक्ष येऊन, ओळख पटवून डबा घेऊन जावा. येताना हाक मारण्याची आवश्यकता नाही. डबा भरून उंबऱ्यावर ठेवण्यात येईल. ताक फार वेळ राहत नसल्याने कृपया विलंब करू नये, ही नम्र विनंती.